आक्काचा पंजाबी ड्रेस

आमच्या आक्काला, म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीला, खोटं बोलता येत नाही. हा काही मी तिचा मोठेपणा सांगत नाही. एखाद्याला पोहता येत नाही, तसं तिला खोटं बोलता येत नाही. माझ्या लहानपणी देवगाव रंगारीच्या शिवारात आमची मेंढरं कुणाच्या कपाशीत शिरली अन् कुणी पाहिलं नाही, की मी म्हणायचो, चल गुपचूप. ती मेंढरं हाकलायची अन् मग सरळ मालकाच्या वस्तीवर जायची. "आमच्या मेंढरांनी तुमचं नुस्कान केलं," असं सांगून, दोन शिव्या खाऊनच माघारी यायची.

आई गेली तेव्हा मी चार वर्षांचा अन् आक्का सोळाची. तिला गावातच दिली होती, म्हणून मी तिच्याच चुलीवर वाढलो. मला जन्मभर मेंढरामागं न ठेवता शहरात गुलमंडीतल्या एका उस्तादाकडं शिवणकाम शिकायला बसवलं ते तिनंच. आज त्याच भागात एका बोळीत माझं दुकान आहे. सफारी, कोट, नवरदेवाचा सूट, सगळं मापानं शिवून मिळतं. हे आधीच सांगून ठेवतो, कारण पुढं जे झालं ते माझ्या याच धंद्यानं केलं.

आक्काला एकच मुलगी. जावई आखातात एका कंपनीत सुपरवायझर, त्यामुळं भाचीपण तिकडंच. दोनदा तिचं पोट राहिलं अन् दोनदा रिकामं झालं. तिसऱ्यांदा डॉक्टरीणबाईनं अंथरुणावरून उठू दिलं नाही, विमानात बसणं तर लांबच. पहिलं बाळंतपण माहेरी, ही आपली रीत. लेक माहेरी येऊ शकत नाही म्हणल्यावर माहेरालाच उठून तिच्याकडं जाणं आलं. ऑपरेशनचा दिवस ठरला गुरुवार सकाळचा. भाची रोज फोनवर रडायची, "आई, मला लई भीती वाटती." आक्का सांगायची, "येडे, तू डोळे उघडशील तवा मीच समोर आसन. दुसरं कुणी नाय."

आक्काचं खोटं न बोलणं मी आधीच सांगितलंय. तिनं शब्द दिला म्हणजे तो दगडावरचा.

दाजींना मेंढरं सोडून हलता येत नव्हतं. आक्कानं तर मुंबईसुद्धा पाहिली नव्हती. म्हणून सोबत मी निघालो, मामा म्हणून. जावयानं महिन्याभराचा व्हिजा काढला, जायची-यायची तिकिटं काढली, दवाखान्याची चिठ्ठी धाडली. कागदात काही म्हणता काही कमी नव्हतं.

अन् मग मी शहाणपणा केला. अती शहाणा त्याचा बैल रिकामा म्हणतात, तो बैल मीच.

माझ्या दुकानात शेंद्र्याच्या कारखान्यातला एक गिऱ्हाईक येतो. कंपनीच्या कामानं चार देश फिरलेला माणूस. कोटाची ट्रायल देता देता म्हणाला, "मास्तर, विमानतळावर शिक्का मारणारे आधी कपडे बघतात. कोट असला की 'सर, धिस वे', अन् साधा माणूस दिसला की 'ए, इधर आ'. बहिणीला लुगड्यावर नेऊ नका, तासभर अडकवून ठेवतील." माझ्या डोक्यात तो किडा शिरला तो शिरलाच. इतकी वर्षं लोक परदेशी निघाले की माझ्याकडं कोट शिवून घेतात. कोटानं माणसाचं वजन वाढतं हे मी हजारदा बोललो असेन, धंदाच आहे तो. पण धंद्यापायी बोललेलं मला स्वतःलाच खरं वाटायला लागलं होतं.

मी आक्काला म्हणलं, "प्रवासापुरता पंजाबी ड्रेस घाल."

ती माझ्याकडं बघत राहिली. "मी? ह्या वयात?"

"सगळ्या बाया घालतात आता."

"तुला लाज वाटती व्हय रं माझी?"

"लाज नाही गं. तिथले लोक लुगडं पाहून अडवतात."

"अंगावरचं बदललं तर माणूस बदलतंय व्हय?" ती म्हणाली. पण लेकीच्या काळजीपुढं तिचं काही चालेना. शेवटी मापाला आपली जुनी चोळी माझ्या हातात देऊन गेली. मी बायकांचं शिवत नाही, तरी तो ड्रेस स्वतः बेतला, स्वतः शिवला. निळ्या रंगाचा, बारीक फुलाचा. भाचीलाही फोनवर सांगून टाकलं, "तुझ्या आईला ड्रेस शिवतोय, बघच आता." तेवढ्यावर थांबलो असतो तरी बरं. पण निघायच्या दिवशी मी तिचं रुपयाएवढं कुंकूसुद्धा पुसायला लावलं अन् बारीक टिकली दिली. कुंकवाखालचं हिरवं गोंदण उघडं पडलं, भोवती फिकट कातडीचा गोल. आक्काचा चेहरा मला ओळखू येईना. तरी मी म्हणलं, "झकास!" अन् स्वतःचा नवा करडा कोट चढवला.

बुधवारी दुपारचं मुंबईहून विमान. आम्ही चार तास आधी पोचलो. सामान गेलं, त्यात डिंकाचे लाडू, हळीव अन् बाळंतशेपा. तिकडं खसखस चालत नाही असं जावयानं बजावलं होतं, म्हणून ती लाडवात टाकली नव्हती. आक्काच्या हातात फक्त एक पिशवी होती.

शिक्क्याच्या ओळीत आमच्या पुढं एक पोरगा होता. दोन्ही गुडघ्यांवर फाटलेली पँट. आमच्याकडं तसली पँट रफूला येते. खिडकीतल्या साहेबानं त्याच्याकडं धड पाहिलं पण नाही. "हाँ सर, हो गया सर." अन् शिक्का.

मग आम्ही.

साहेबानं आक्काचा पासपोर्ट उघडला. ती शाळेत गेलेली नाही, त्यामुळं तिच्या पासपोर्टवर वेगळा शेरा आहे. दहावी न झालेला माणूस आखाताकडं निघाला की त्याची जास्त चौकशी करतात. चौकशीला माझी ना नव्हती. त्यानं फोटो पाहिला. फोटोत लुगडं, खांद्यावर पदर, मोठं कुंकू. मग त्यानं आक्काकडं पाहिलं, मग माझ्या कोटाकडं, मग परत तिच्याकडं.

"कहाँ से?"

"देवगाव," आक्का म्हणाली.

"संभाजीनगर," मी म्हणालो.

"यहाँ तो औरंगाबाद लिखा है। दो लोग, तीन गाँव? एक बात बोलो।"

आता याला काय सांगायचं! शहराचं नाव बदललं, पासपोर्ट जुना, अन् देवगाव कन्नड तालुक्यात. मी भूगोल समजावायला लागलो तर हात वर करून त्यानं मला गप्प केलं.

"तुम कौन?"

"भाऊ. सख्खा."

"सरनेम अलग है।"

"लग्न झालंय ना तिचं!"

तो गालात हसला. ते हसू मी मरेपर्यंत विसरणार नाही. "सब भाई ही होते हैं," तो म्हणाला. आम्हाला ओळीतून बाहेर काढलं अन् एका खोलीत बसवलं. मागची माणसं आमच्याकडं अशी बघत होती की जणू आमच्या पिशवीतून सोनंच निघालं.

खोलीत दुसरा साहेब आला. छातीवरच्या पट्टीवर आडनाव चांगलं मराठी. बोलणं मात्र सगळं हिंदीत. मी कागद पुढं केले, दवाखान्याची चिठ्ठी सगळ्यात वर. त्यानं ती उचलून बाजूला ठेवली अन् आक्काकडं वळला.

"ये कपड़े आपके हैं?"

आक्काला हिंदी समजते. ती म्हणाली, "नाय."

"किसने दिए?"

"ह्यानं." अन् तिनं बोट केलं माझ्याकडं.

"पहले कभी पहने?"

"कधीच नाय. आज पहिल्यांदा."

"तो आज क्यों पहने?"

"हा म्हणला, असलं घातल्याबगर सोडत नायत."

प्रत्येक शब्द खरा अन् प्रत्येक शब्दानं आम्ही खोल चाललेलो. साहेबानं तिची बाही उचलून धरली. बाहीवर माझ्या खडूची पांढरी रेघ तशीच राहिली होती. घाईघाईत झटकायची विसरलो. एवढ्या वर्षांत कुण्या गिऱ्हाइकाच्या कपड्यावर माझा खडू राहिला नाही, अन् बहिणीच्या राहिला.

"एकदम नया है," तो म्हणाला.

मी म्हणलं, "साहेब, मीच शिवलाय. मी टेलर आहे, गुलमंडीत दुकान आहे माझं."

त्यानं मला वरपासून खालपर्यंत पाहिलं. "टेलर? ये कोट पहनके?"

टेलरनं कोट घालू नये असा कायदा कधी झाला, ते मला अजून कुणी दाखवलेलं नाही.

मग त्यानंच समजावून सांगितलं, लेकराला सांगावं तसं. दलाल लोक गावाकडच्या गरीब बाया धरतात. नवाकोरा पंजाबी ड्रेस घालतात, फिरायला चालली म्हणून व्हिजा काढतात अन् तिकडं नेऊन घरकामाला विकतात. सोबत एक कोटवाला असतो, तो स्वतःला भाऊ म्हणवतो. "बिल्कुल ऐसे ही," तो म्हणाला अन् आमच्या दोघांकडं बोट फिरवलं.

तळपायाची आग मस्तकाला गेली माझ्या. ज्या बहिणीनं मला घास भरवला, तिला मी विकायला चाललोय? अन् हे कुणी ठरवलं? निळ्या ड्रेसनं अन् करड्या कोटानं! अरे, संशय घ्या ना. बायांना फसवणारे आहेतच जगात, त्यांना धरलंच पाहिजे. पण मग तिला बाजूला घेऊन विचारा. दवाखान्यात फोन लावा. ती चिठ्ठी नजरेखालून घाला. एवढं काहीच करायचं नाही, अन् कापडाचा रंग पाहून माणसाची लायकी ठरवायची? चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात ती हीच. पण बोलणार काय? दगडाखाली हात. शिक्का त्यांच्याकडं, अन् गुरुवारची सकाळ आमच्या डोक्यावर.

"वहाँ जाके क्या काम करेंगी?" त्यानं आक्काला विचारलं.

"काम तर लई आसतंय बाबा," आक्का म्हणाली. "लेकराला न्हाऊ घालायचं, तेल लावायचं, बाळंतिणीला शेक द्यायचा, सैपाक, धुणं. महिनाभर बूड टेकायला सवड नाय मिळत."

त्यानं ते सगळं लिहून घेतलं. लिहितानाचा त्याचा आनंद मी डोळ्यांनी पाहिला.

तेवढ्यात त्याचा फोन वाजला. घरून असावा. अन् हा बाबा अस्सल मराठीत म्हणाला, "हो, दळण मी आणतो येताना. ज्वारीचं वेगळं ना?" आक्काचा चेहरा एकदम फुलला. "आगं बया, साहेब, मराठीच हाय की तुमी! मग तुमीच सांगा, लेक बाळंत व्हायची आसल तर आईनं जावा का नाय?"

तो फोन खिशात टाकून उठून गेला.

आम्ही त्या खोलीत बसून राहिलो. भिंतीवर घड्याळ होतं. विमानाला दीड तास उरला, मग एक, मग अर्धा. मी दोनदा दारापाशी गेलो, दोनदा मला "बैठो" म्हणून परत बसवलं. जावयाला फोन लावून दिला तर म्हणाले, ऐसे फोन बहुत आते हैं. शेवटी एक माणूस येऊन सांगून गेला की विमानाचं दार बंद झालं.

आक्कानं पिशवी उघडली अन् आतून आपलं हिरवं लुगडं काढलं. मला माहीतच नव्हतं की तिनं ते सोबत घेतलंय.

"हे कशाला आणलंस?" मी विचारलं.

"मग? लेकीपुढं असल्या कापडात हुभी राहणार होते व्हय मी?" ती म्हणाली. "तिथं उतरले की बदलणारच होते. आता माघारीच लावायचं आसल, तर माघारी तरी माझ्या कापडात जाईन."

तिथल्या एका शिपाईणबाईला बरोबर घेऊन ती बाथरूमला गेली. परत आली ती माझी आक्का होती. नऊवारी, पदर, अन् कुठून कोण जाणे, कपाळावर ते रुपयाएवढं कुंकू. चालसुद्धा बदललेली. ड्रेसात ती पाऊल जपून टाकत होती, आता नेहमीसारखी दणदणीत चालत आली.

त्याच वेळी ड्यूटी बदलली अन् वरचा एक साहेब आत आला. त्यानं पासपोर्टवरचा फोटो पाहिला, आक्काकडं पाहिलं. "अरे, हीच तर आहे," तो म्हणाला. मराठीत! मग ती दवाखान्याची चिठ्ठी उचलून वाचली. चार ओळींची चिठ्ठी. वाचायला अर्धं मिनिट लागलं नसेल. "माताजी, तुम्ही आधीच असं यायचं ना. उद्याच्या विमानानं जा, कुणी अडवणार नाही."

कुणी अडवणार नाही! म्हणजे बाई तीच, कागद तेच, बोलणं तेच, अन् भाऊपण तोच. बदललं काय तर कापड. अन् विमान गेलेलं. मी त्याला म्हणलं, "साहेब, आज जे चुकलं ते कुणाचं?" तो म्हणाला, "कुणाचंच नाही. प्रोसिजर आहे." प्रोसिजर! अर्धं मिनिट चिठ्ठी वाचायला तिथल्या एकालाही झालं नाही, अन् त्याला हे नाव.

जावयानं रातोरात दुसरी तिकिटं काढली अन् दुसऱ्या दिवशी दुपारी आम्ही त्याच ओळीत उभे राहिलो. आक्का लुगड्यात. मी कोट पिशवीत कोंबून साध्या शर्टवर. खिडकीत वेगळाच साहेब. त्यानं दोन प्रश्न विचारले, चिठ्ठी पाहिली अन् शिक्के मारले. "नातू होणार का आजीबाई?" हेही विचारलं. आक्का म्हणाली, "लेक बाळंत झालीबी आसल आतापोतर." सकाळी सात वाजता भाचीला आत नेलं होतं.

विमानात आक्का खिडकीपाशी बसली होती, पण तिनं बाहेर पाहिलंच नाही. मी म्हणलं, "आक्का, त्या लोकांना मी सोडणार नाही. तक्रार करतो. पेपरात देतो."

"दे," ती म्हणाली. मग पदर सारखा करत, "मी लेकीला शब्द दिल्ता रं."

एवढंच. मला शिव्या घातल्या असत्या तर बरं झालं असतं. मी तक्रार केली, दोनदा केली, पोच मिळाली, उत्तर अजून यायचं आहे. पण तक्रारीत एक गोष्ट लिहायची राहिली. लुगड्यावर आक्का विमानात नेण्याजोगी नाही, हे पहिल्यांदा कुण्या साहेबानं ठरवलं नव्हतं. ते माझ्या दुकानात ठरलं होतं, अन् टेप माझ्याच गळ्यात होता.

दवाखान्यात पोचलो तेव्हा संध्याकाळ झाली होती. भाची जागीच होती. शेजारी पाळण्यात एवढीशी मुलगी, हाताच्या मुठी घट्ट आवळून झोपलेली. भाचीनं आईला पाहिलं अन् ती हसायला लागली, अन् हसता हसता रडायला लागली. टाके दुखतात म्हणून नर्स ओरडली तरी थांबेना. आक्का तिच्या डोक्यावरून हात फिरवत राहिली. पदरानं तिचे डोळे पुसले, मग स्वतःचे.

"मामा," भाची मला म्हणाली, "तुमी त्या ड्रेसाचं सांगितल्यापासून माझ्या जिवाला घोर होता. म्हणलं, डोळे उघडले अन् ड्रेसातली बाई समोर दिसली तर मला वाटायचं दुसरीच कुणीतरी आहे. बरं झालं, तुमी तिला लुगड्यातच आणलं."

मी खाली बघायला लागलो.

"पण काल का नाही आली गं आई?" तिनं आक्काचा हात धरून विचारलं. "सकाळी शुद्धीवर आले तर एक नर्स होती नुसती. मी तुला किती हाका मारल्या. विमान चुकलंच कसं?"

मी तोंड उघडलं. सगळं सांगून टाकावं म्हणलं, त्या साहेबाचं अन् माझंही. आक्कानं माझ्याकडं पाहिलं नाही. लेकीचा हात तसाच हातात ठेवून, आयुष्यात कधी शब्द इकडचा तिकडं न केलेली माझी बहीण म्हणाली,

"मुंबईत गाड्यांची लई गर्दी गं बाई. आमची टॅक्सी अडकली व्हती."